तेराशे बारा ओळी

आमच्या जिल्ह्यातल्या लोककलावंतांच्या संघटनेत मतदार एकशे सात होते. त्यांतल्या ब्याण्णव जणांना मी स्वतः घरी जाऊन भेटलो. त्याला अकरा रविवार लागले आणि मोटारसायकलवर अकराशे चाळीस किलोमीटर झाले. हे सगळं मी लिहून ठेवलेलं आहे. लिहून ठेवायची मला सवय आहे, आणि या प्रकरणात जे बिघडलं ते त्या सवयीपासूनच बिघडलं.

मी तेलगावजवळच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला आहे. कापसाची गाडी आली की भरलेली मोजायची, कापूस उतरवून झाला की रिकामी मोजायची, वजाबाकी करून पावती द्यायची. घरात बायको आहे. दोन मुली शिकायला बाहेरगावी असतात. पण बावीस वर्षं माझं आणखी एक काम होतं. मी कलापथकात नट होतो. शाळेच्या पटांगणात नाहीतर पारासमोर आमचा दीड तासाचा खेळ व्हायचा. कधी शौचालय बांधा, कधी लस टोचून घ्या, कधी मुलगी शिकवा. जत्रेत बोलावलं तर वग. पेटीवाले आणि ढोलकीवाले बदलत गेले. बदललो नाही ते आम्ही दोघं. खेळातले सगळे पुरुष मी करायचो. टोपी बदलली की सरपंच, चष्मा लावला की डॉक्टर. आणि सगळ्या बायका तो करायचा.

त्याचं तेलगावच्या स्टँडजवळ टेलरिंगचं दुकान आहे. उंच माणूस, सावळा, हात लांब. स्वतःची चोळी स्वतः शिवायचा. सासू झाला की त्याच्याकडे बघून पुढच्या रांगेतल्या सुना पदर तोंडाला लावायच्या. खेळ संपताना तो डोक्यावरचा पदर खांद्यावर घ्यायचा आणि आपल्या खऱ्या, जाड आवाजात म्हणायचा, "राम राम मंडळी." काही गावांत लोकांना तेव्हा कळायचं की हा पुरुष आहे. बावीस वर्षं मी तो क्षण त्याच्या डाव्या बाजूला उभा राहून पाहिला.

बायका करणाऱ्या पुरुषाचं खरं नाव पत्रिकेत छापायचं नाही, ही आमच्यातली जुनी रीत. त्याला एक बाईचं नाव असतं, तेच छापतात, तेच माईकवरून पुकारतात. जिल्हाभर त्याला त्याच नावानं ओळखायचे. खरं नाव त्याच्या गिऱ्हाइकांना माहीत होतं, तेही थोड्यांना. बाकीचे टेलर म्हणायचे.

मी एक वही ठेवली होती. प्रत्येक खेळाला एक ओळ. तारीख, गाव, अंतर, माणसं किती (मी रांगा मोजून अंदाज करायचो), खेळ किती मिनिटं चालला, कोण कोण होतं, आणि शेवटचा रकाना चुकांचा. कुणी वाक्य विसरलं, माईक बंद पडला, मिशी सुटली, ते सगळं तिथं जायचं. अशा तेराशे बारा ओळी झाल्या. तो हसायचा. म्हणायचा, "मेल्यावर यमानं इचारलं तर वही दाखव बे, सुटशील."

शेवटची ओळ तीन वर्षांपूर्वीची आहे. पाटोद्याच्या बाजूला खेळ होता. सासू चुलीपुढं बसलेली असते आणि सून आत आली की ती ताडकन उठते, असा तो प्रवेश. तो बसला आणि त्याला उठता येईना. गुडघे आधीपासून दुखत होते, पण त्यानं सांगितलं नव्हतं. लोकांना वाटलं हे खेळातलंच आहे, ते हसायला लागले. मी सरपंचाची टोपी घातलेली होती. मी गेलो, काखेत हात घालून त्याला उठवलं आणि म्हणालो, "आजी, आता तुम्ही बसूनच भांडा." लोक आणखी हसले. घरी आल्यावर मी चुकांच्या रकान्यात लिहिलं: उठताना वेळ गेला, दोन मिनिटं.

त्या दिवशी परतताना मांजरसुंब्याला ढाब्यावर चहाला थांबलो, नेहमी थांबायचो तसेच. तो गुडघे चोळत बसला. मग म्हणाला, "मी मेल्यावर लोक काय म्हनतील? साडी नेसत व्हता म्हनतील. काम करत व्हता, असं कुनी म्हनंल का रे?"

मी म्हणालो, म्हणतील की.

पुढच्या वर्षी कलावंतांची सरकारी यादी नव्यानं होणार असं कळलं. वीस वर्षं काम केल्याचा पुरावा द्यायचा, मग नाव नोंदवहीत लागणार आणि ओळखपत्र मिळणार. माझं नाव लागलं, कारण पत्रिकांवर माझं नाव होतं. त्याची कागदपत्रं घेऊन आम्ही दोघं बीडला ऑफिसात गेलो. चाळीस पत्रिका, अकरा फोटो आणि माझी वही. त्या वहीबद्दल माझ्या मनात अभिमान होता, हे मी लपवत नाही. कुणाकडे असेल असा पुरावा?

टेबलावरचा माणूस वाईट नव्हता. त्यानं सगळं नीट पाहिलं. पत्रिकांवर बाईचं नाव. फोटोत रंग लावलेली बाई. मग वही उघडली. त्यानं पहिलं पान पाहिलं, मधलं पाहिलं, शेवटचं पाहिलं, आणि माझ्याकडे वही फिरवून "कोण कोण" या रकान्यावर बोट ठेवलं. तिथं प्रत्येक ओळीत माझं नाव होतं आणि त्यापुढं ते बाईचं नाव. मी बावीस वर्षं पुकारतात तसंच लिहीत गेलो होतो. मी पानं उलटत गेलो. तेराशे बारा ओळींत त्याचं खरं नाव एकदाही नव्हतं.

तो माणूस म्हणाला, या गृहस्थांचं नाव असलेला एक कागद आणा, नाहीतर संघटनेच्या अध्यक्षांचं पत्र आणा की हेच ते. अध्यक्षपद तेव्हा रिकामं होतं. आधीच्या अध्यक्षांनी वयामुळं सही करणं सोडलं होतं आणि निवडणूक व्हायची होती.

बाहेर येऊन आम्ही बसस्टँडच्या भिंतीला टेकून उभे राहिलो. त्यानं माझ्या खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं.

"घाल की आता. वही तुझी, पेन तुझं. बाईच्या नावाफुडं माझं लिही, एका ओळीत लिही."

मी नाही म्हणालो. आज लिहिलेलं बावीस वर्षांपूर्वीचं म्हणून दाखवायचं म्हणजे ती ओळ खोटी. एक ओळ खोटी झाली की बाकीच्या तेराशे अकरा ओळींवर कोण विश्वास ठेवणार? काट्यावर मी एक किलोसुद्धा इकडचा तिकडे केलेला नाही. हे मी त्याला समजावून सांगितलं. माझं बरोबर होतं, असं मला आजही वाटतं. पण सांगताना त्याचा चेहरा बघायला हवा होता, तो मी बघितला नाही. मी वहीकडे बघत होतो.

तो ऐकून घेऊन म्हणाला, "बरं." मग त्यानं पिशवीतून घुंगरांचा चाळ काढला. पुरावा म्हणून तोही आणला होता, पण टेबलावर काढायला लाजला होता. "ह्याच्यावर हात ठिव. माझ्या नावासाठी कुनापुढं तोंड उघडायचं न्हाई. एकापुढंबी न्हाई. आपोआप लागलं तर लागंल."

आमच्यात चाळावर हात ठेवून दिलेला शब्द कुणी मोडत नाही. मी हात ठेवला.

मग मी हिशेब केला. अध्यक्षाचं पत्र पाहिजे. मी अध्यक्ष झालो तर पत्र मीच देणार. त्यासाठी कुणापुढं तोंड उघडायला नको, शब्द मोडायला नको, वहीत खोटं लिहायला नको. हिशेबात कुठं चूक नव्हती. मी अर्ज भरला.

बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. म्हणाली, "तुमाला लोकांत बोलता येतं का? ष्टेजवर येतंय ते त्येंच्यामुळं. ते आन तुमी मिळून एक मानूस व्हता." मग तिनं विचारलं की त्यांना सांगितलं का. मी म्हणालो, कशासाठी उभा राहतोय ते सांगितलं तर तो अर्ज मागं घ्यायला लावील. ती म्हणाली, मग त्यांना वाटंल तुमाला खुर्ची पायजे. मी म्हणालो, वाटू दे.

त्याला ते दुसऱ्या कुणाकडून कळलं. मी दुकानात गेलो तेव्हा तो मशीनवर होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "अध्यक्ष व्हायचंय म्हनं तुला."

"उभा राहिलोय."

"गावोगाव फिरावं लागंल. मागं कोन बसनार?"

"कुणी नाही."

"मग हँडल हलकं लागंल," तो म्हणाला. "सांभाळून."

खरंच हलकं लागायचं. तो मागं बसायचा तेव्हा साड्यांची पेटी आमच्या दोघांच्या मध्ये असायची आणि त्याचा एक हात माझ्या खांद्यावर. खड्डा आला की तो आधी खांदा दाबायचा. खड्डा मला दिसायच्या आत त्याला दिसायचा, कारण मी किलोमीटरच्या आकड्याकडे बघत असायचो. त्या अकरा रविवारांत मी दोनदा पडता पडता वाचलो.

मी दहा मुद्द्यांचं एक पत्रक काढलं होतं. नोंदवही दरवर्षी सर्वांसमोर वाचून दाखवायची, सभा वेळेवर घ्यायची, वादकांची नावंही पत्रिकेत छापायची, असे. प्रत्येक घरी मी ते दहाही मुद्दे वाचून दाखवायचो. लोक ऐकायचे. चहा द्यायचे. मग मी विचारायचो, मत देणार का? ते म्हणायचे, देऊ की. मी बाहेर येऊन यादीत खूण करायचो. ब्याण्णवपैकी अडुसष्ट हो. प्रत्येक घरी आणखी एक गोष्ट व्हायची. निघताना कुणीतरी विचारायचं, "बाई न्हाई आली का संगं?" मी म्हणायचो, गुडघे दुखतात. ते म्हणायचे, सांगा आमी इचारलंय म्हनून. परत आल्यावर मी ते निरोप त्याला सांगितले नाहीत. त्याच्या दुकानावरून जाताना मी गाडी हळू करायचो, तो मान वर करायचा नाही, आणि मी पुढं जायचो.

गेवराईच्या अलीकडे हायवेला लागून एका म्हातारीचं घर आहे. ती देवीची आराधी गाणी म्हणते; आमच्या संघटनेत सगळ्यांत जुनी. बाहेरून ट्रक जात होते, त्यामुळं मला दहा मुद्दे मोठ्यानं वाचावे लागले. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मी मत मागितलं. ती "देते" म्हणाली. आणि मग माझ्या हातांकडे बघत बसली.

"आनखी काय?" तिनं विचारलं.

"काही नाही. एवढंच."

"बरं," ती म्हणाली. मी बाहेर येऊन तिच्या नावापुढं खूण केली.

ती कशाची वाट बघत होती हे मला कळायला हवं होतं. आमच्यात खेळ ठरवायला गावातला माणूस येतो तेव्हा तो हातावर सुपारी ठेवतो. सुपारी घेतली की दोन्ही बाजू बांधल्या गेल्या. मग कुणी जास्त देऊ करो, घरात लग्न असो, खेळ त्या गावातच होणार. सुपारी दिलीच नाही तर कितीही बोलणं झालं तरी ते नुसतं बोलणं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्या पथकात सुपारी नेहमी त्यानं घेतलेली. माणसं त्याच्याकडे, अंतरं आणि वेळा माझ्याकडे, अशी आमची वाटणी होती. शिवाय मी विचार करून ठरवलं होतं की मतदाराच्या हातावर काहीही ठेवायचं नाही. सुपारी असली तरी ती वस्तूच. मत मागायचं ते रिकाम्या हातानं.

माझ्या विरोधात उभे होते ते संबळ वाजवणारे, गोंधळ मांडणारे. माझ्याहून पाच वर्षांनी मोठे, जाडजूड, बोलायला मोकळे. त्यांनी पत्रक काढलं नाही. ते प्रत्येकाच्या घरी गेले, हातावर एक सुपारी ठेवली, "ध्यानात असू द्या" म्हणाले, आणि उठले. एक सुपारी, त्याहून जास्त काही नाही. मी चौकशी केली आहे.

मतदान बीडला एका मंगल कार्यालयात झालं. चिठ्ठीवर दोन चित्रं होती, त्यांचं संबळ आणि माझं घुंगरू. ते चित्र मी मागून घेतलं होतं. अर्धे लोक पंख्याखाली, अर्धे बाहेर पायरीवर. एकोणनव्वद मतं पडली. मला सत्तावीस, त्यांना एकसष्ट, एक बाद. मी पत्रकाच्या मागं वजाबाकी केली. अडुसष्टांतले सहा जण आलेच नव्हते. उरले बासष्ट. माझं स्वतःचं मत सोडलं तर त्यांतल्या सव्वीस जणांनी मला दिलं होतं. छत्तीस जणांनी चहा दिला, हो म्हटलं आणि मत दुसरीकडे टाकलं. त्यांचा मला राग आला नाही. मला फक्त कळेना की छत्तीस जण खोटं कसे बोलतील. मी खाली मान घालून यादीतल्या खुणा पुन्हा मोजल्या.

तिकडे गुलाल सुरू झाला होता, संबळ वाजत होतं. मी भिंतीकडच्या खुर्चीवर होतो. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. मला मत देणाऱ्या सव्वीस जणांतलंही कुणी आलं नाही. आले असते तर त्यांनाही काय बोलावं ते सुचलं नसतं. बावीस वर्षांत मी एकट्यानं कधी हरलो नव्हतो. खेळ पडला तरी आम्ही दोघं गाडीवर एकमेकांना शिव्या देत घरी यायचो.

गेवराईची म्हातारी हळूहळू चालत माझ्याकडे आली. शेजारच्या खुर्चीवर बसली.

"दादा, तुमी सुपारीच दिली न्हाई," ती म्हणाली. "मी वाट बघितली. आठ दिस बघितली. मला वाटलं तुमचं आजून ठरलं न्हाई. मग त्येंची घेतली. आता घेतली म्हनल्यावर..." तिनं हात उघडून दाखवला. "ती तुमची बाई कुटं हाय? ती आली असती तर दिली असती तिनं. तिला समजतंय."

छत्तीस जण खोटं बोलले नव्हते. माझ्याच यादीतल्या खुणा खोट्या होत्या.

तेवढ्यात नवे अध्यक्ष आले. त्यांच्या कपाळाला गुलाल होता आणि हातात माझ्यासाठी शाल. रीत म्हणून ती हरलेल्याला देतात. त्यांनी ती माझ्या खांद्यावर टाकली आणि समोरची खुर्ची ओढून बसले.

"काटेवाले, एक इचारू का? राग मानू नका. तुमचे धा मुद्दे मी वाचून घेतले पोराकडून. त्येच्यात तुमचं सोताचं एकबी न्हाई. मग तुमी उभा कावून राहिला?"

म्हातारी माझ्याकडे बघत होती. पायरीवरचे काही जण आत येऊन उभे राहिले होते. मी मोजलं नाही असं होत नाही. ते तेरा जण होते. अध्यक्ष आणि म्हातारी धरून पंधरा. आता माझ्याकडे दुसरा रस्ता उरला नव्हता. यादी त्याच महिन्यात बंद होणार होती. मी गप्प राहिलो तर माझा शब्द राहणार होता आणि त्याचं नाव जाणार होतं. पुढची यादी कधी होईल, तेव्हा तो असेल का, हे कुणी सांगू शकत नव्हतं. पेनाच्या वेळी मी वहीकडे बघितलं होतं. या वेळी मी माणसांकडे बघितलं.

"एक नाव लावायचं होतं," मी म्हणालो.

"कुनाचं?"

मी त्याचं खरं नाव सांगितलं. कुणाच्याच चेहऱ्यावर काही हललं नाही. मग मी ते बाईचं नाव सांगितलं.

अध्यक्षांनी कपाळावरचा गुलाल रुमालानं पुसला. "तिचं नाव न्हाई? आवो, तिला बगून माझ्या आईनं..." ते थांबले. "हे आधी सांगायचं ना तुमी. मी उभाच न्हाई राहिलो असतो."

"सांगायचं नव्हतं," मी म्हणालो. का ते सांगितलं नाही.

पत्र मी लिहिलं, माझं अक्षर बरं म्हणून. अमुक नावाचे गृहस्थ हेच तमुक नावानं बायकांच्या भूमिका करतात आणि आम्ही त्यांना बावीस वर्षं पाहिलं आहे. खाली अध्यक्षांची पहिली सही. बाकीच्या तेरा जणांनी सह्या केल्या, म्हातारीनं अंगठा दिला. मी सही केली नाही. माझ्या हातून ते लिहिलं गेलं होतं, तेवढं पुरे होतं.

तिथून मी थेट तेलगावला आलो. संध्याकाळ व्हायची होती, दुकान उघडं होतं. त्याच्या हातात कुणाचं तरी पोलकं होतं. लपवून ठेवायचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. नाव आपोआप लागलं म्हणून सांगता आलं असतं. अध्यक्षांनीही तसंच सांगितलं असतं. पण मग ती माझ्या आयुष्यातली एक खोटी ओळ झाली असती, आणि तीही त्याच्याजवळ.

मी सांगितलं की हरलो. सत्तावीस-एकसष्ट.

"सुपारी दिलती का?"

"नाही."

त्याच्या तोंडावर हसू आलं आणि मशीन चालू झालं. मग मी सांगितलं की नाव लागेल, पत्र झालं आहे, आणि मी बोललो.

मशीन थांबलं.

"किती जनांपुढं?"

"पंधरा."

"चाळावर हात ठिवला व्हता बे तू."

"हो."

मी वाट बघितली. त्यानं दोरा तोडला, पोलकं घडी करून पिशवीत ठेवलं, मशीनवर कापड टाकलं, आणि मी तिथं नाहीच अशा रीतीनं दुकानाचं शटर ओढायला घेतलं. गुडघ्यामुळं त्याला वाकता येत नव्हतं. मी हात पुढं केला तेव्हा त्यानं शटर तसंच अर्धं सोडलं आणि आत जाऊन बसला.

याला आता चौदा महिने झाले. ओळखपत्र त्याला मिळालं; अध्यक्षांनी स्वतः आणून दिलं. त्यानं ते काचेत बसवून दुकानात लावलं आहे, आरशाच्या वर, गिऱ्हाइकाला पहिलं दिसेल असं. बायको म्हणते की त्यावर खालच्या ओळीत कंसात ते बाईचं नावही छापलं आहे. ती अजून त्याच्याकडेच शिवायला टाकते. तिच्याशी तो बोलतो. मुली कशा आहेत विचारतो. माझं विचारत नाही. एकदा तिनं आपणहून माझा विषय काढला तर म्हणाला, "वैनी, बाही किती ठिवायची तेवढं सांगा." मी जवळून ते ओळखपत्र अजून पाहिलेलं नाही. रस्त्यावरून काचेवर फक्त उजेड दिसतो.

मी चुकलो का, याचा मी पुष्कळ विचार केला. पेन त्यानं माझ्या हातात दिलं तेव्हा मी माझी वही सांभाळली. पुढं शब्द मोडला तो त्याचं नाव सांभाळायला. दोन्ही वेळा मी विचार करूनच केलं. पण दोन्ही वेळा त्यानं जे मागितलं होतं त्याच्या बरोबर उलटं केलं. ही वजाबाकी मला जमत नाही.

मागच्या महिन्यात मी दुपारच्या सुट्टीत दुकानात गेलो. एक खेळ लिहिला होता, दोन माणसांचा. म्हातारा आणि म्हातारी, दोघंही खाटेवर बसलेली. शेवटपर्यंत कुणी उठत नाही. पस्तीस मिनिटांचा. तो काज करत होता. मी खेळाचं काही बोललो नाही. दुकानात येताना कोपऱ्यावरून एक सुपारी घेतली होती, ती मशीनच्या फळीवर, कात्रीच्या डब्याशेजारी ठेवली. हातावर ठेवायचं धाडस झालं नाही. त्यानं सुपारीकडे पाहिलं. उचलली नाही, परत माझ्याकडे सरकवलीही नाही. मी बाहेर आलो.

सकाळी आठ दहाला कामावर जाताना मी त्याच्या दुकानासमोर गाडी हळू करतो. फळी रस्त्यावरून दिसते. ठेवल्याला आज एकतीस दिवस झाले. मधल्या काळात त्यानं फळी पुसली असणार, कात्रीचा डबा दुसऱ्या बाजूला गेला आहे. सुपारी अजून तिथंच आहे.